मोल आणि मोबदला

२ मे २०१५ रोजी लास वेगास येथे फ्लॉइड मेवेदर व मॅनी पॅकियाव यांचे मुष्टियुद्ध झाले. घरबसल्या ते पाहण्यासाठी अमेरिकेतील सुमारे ४६ लाख ग्राहकांनी प्रत्येकी जवळपास १०० डॉलर मोजले. १२ फेऱ्यांचा, ३६ मिनिटांचा हा खेळ अनेकांना नीरस वाटला. पॅकियाव यांच्या खांद्याला सरावात झालेली दुखापत लढतीनंतर उघड झाली, तेव्हा नाराज प्रेक्षक न्यायालयात गेले. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. संपूर्ण लढत पाहावयास मिळाली, म्हणजे मोबदला मिळाला, असा त्याचा आशय होता. रोमांचाची हमी कोणी देऊ शकत नाही, हे खरेच. परंतु ठाऊक असलेली उणीव पैसे घेण्यापूर्वी सांगणे, ही व्यवहारातील सचोटी होय. कायदा तिची सक्ती करीत नसेल, तर ग्राहकानेच विवेकाने खर्च करावा.