आगगाडी गेली, वाट राहिली

वाचकहो, गँगमन, खलाशी, फिटर म्हणून रेल्वेत उमर घालविलेले वडीलधारे आपल्या अनेक घरांत आहेत. स्लीपर, गर्डर हे शब्द त्यांच्याच तोंडून ऐकत आपण वाढलो. म्हणून या खेपेस अमेरिकेतील एका रेल्वे पुलाची हकीकत सांगावी, असे आम्हांस वाटले.

न्यूयॉर्क राज्यातून हडसन नदी वाहते. तिच्या पूर्व काठावर पकीप्सी शहर आहे, पश्चिम काठावर हायलँड. पेनसिल्व्हेनियाच्या खाणींतला कोळसा न्यू इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता आणि मध्ये ही नदी आडवी होती. न्यूयॉर्क शहर ते आल्बनी या टप्प्यात तिच्यावर एकही पूल नव्हता. १८७३ साली पायाभरणी झाली. त्याच वर्षी मंदी आली, पैसा आटला आणि काम थांबले. पुढेही ते रखडत गेले व १८८९ च्या आरंभी पूल खुला झाला.

लाकडाच्या प्रचंड पेट्या नदीत बुडवायच्या, तळाचा गाळ उपसायचा, आत काँक्रीट भरायचे आणि त्यावर खांब उभारायचे, असे ते काम. पुलाची लांबी ६,७६८ फूट, पाण्यापासून उंची २१२ फूट! बांधणाऱ्या कंपन्यांची नावे इतिहासात आहेत. गाळ उपसणाऱ्या आणि त्या उंचीवर लोखंड जोडणाऱ्या बहुतेक मजुरांची नावे मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

पंच्याऐंशी वर्षे या पुलावरून गाड्या धावल्या. ८ मे १९७४ रोजी लाकडी स्लीपरांना आग लागली. रेल्वे कंपनीचे दिवाळे आधीच निघालेले. दुरुस्ती झाली नाही आणि गाडी पुन्हा कधी गेली नाही. १९८४ साली एवढा मोठा पूल अवघ्या एका डॉलरला विकला गेला! पुढे खासगी मालक बदलले, कर थकले, लोखंड गंजत राहिले.

१९९२ साली बिल सेपे यांच्या पुढाकाराने काही नागरिक एकत्र आले. पुलावरून लोकांना चालता यावे, एवढीच त्यांची मागणी होती. अनेकांना ते वेडेपण वाटले. पण स्वयंसेवकांनी पिच्छा सोडला नाही. १९९८ साली पूल त्यांच्या संस्थेच्या मालकीचा झाला. पुढे हिशेब मांडला, तेव्हा पूल पाडण्याचा खर्च दुरुस्तीपेक्षा जास्त निघाला. देणग्या व सरकारी निधी उभा राहिला. जुन्या सांगाड्यावर काँक्रीटच्या तयार लाद्या बसविल्या आणि ३ ऑक्टोबर २००९ रोजी पूल पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला.

तेथे जायला तिकीट लागत नाही. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी २०१४ साली पकीप्सीच्या बाजूला लिफ्ट सुरू झाली. दोन्ही टोकांना जुन्या रेल्वेमार्गांच्याच पायवाटा जोडलेल्या आहेत. कुणी पाठीवर पिशवी टाकून मैलोन् मैल जातो, कुणी नातवंडाचे बोट धरून पुलाच्या मध्यापर्यंत जाऊन परततो.

कष्टकऱ्यांच्या हातांनी उभे राहिलेले काम एका डॉलरच्या भंगारात निघाले होते. सामान्य माणसांनी ते सतरा वर्षे नेट धरून सर्वांसाठी परत मिळविले. आपल्या गावातही एखादी बंद पडलेली सार्वजनिक जागा असेल. ती पडीक म्हणून सोडून देण्यापूर्वी, तेथे राबलेल्या एखाद्या आजोबांना मुलांसह तिकडे घेऊन जा. त्यांचे नाव आणि काम मुलांच्या वहीत लिहून घ्या. मग त्या जागेचे काय व्हावे, हे वस्तीच्या बैठकीत बोला.