नाण्याची प्रत आणि विक्रेत्याचा शब्द

'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला, तो नाणे वाजवून घेण्याच्या रिवाजातून. मराठेशाहीत चांदवडी, अंकुशी असे अनेक रुपये एकाच वेळी चलनात असत. पोतदार आणि सराफ त्यांची पारख करीत व हलक्या रुपयावर बट्टा आकारीत. नाणे घेणाऱ्याच्या हातात असे. आजचा नाणेसंग्राहक मात्र संगणकाच्या पडद्यावर एक छायाचित्र पाहतो, त्याखालचे चार शब्द वाचतो आणि पैसे पाठवितो. वजन, नाद, कडांची धार यांपैकी काहीही त्याला तपासता येत नाही. अशा व्यवहारात विक्रेत्याच्या शब्दांना नियमांचे बंधन असलेच पाहिजे.

जुन्या नाण्याचे मोल दुर्मीळतेइतकेच त्याच्या प्रतीवर ठरते. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी सुचविली. पुढे ती इतर नाण्यांनाही लागू झाली. जेमतेम ओळखू येणारे नाणे १, तर ६० पासून पुढे चलनात न झिजलेली नाणी. ६४ आणि ६५ यांतील फरक सामान्य डोळ्यांना दिसतही नाही, किंमत मात्र काही वेळा अनेक पटींनी बदलते. शेल्डन यांचे १९७७ साली निधन झाल्यावर उघडकीस आले, की अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांनी तेथे हलक्या प्रतीचे ठेवले होते. मोजपट्टी आखणाऱ्यालाच प्रतीचा मोह आवरला नाही, तर विक्रेत्याकडून काय अपेक्षा करावी?

पीसीजीएस आणि एनजीसी या अनुक्रमे १९८६ व १९८७ साली काम सुरू केलेल्या अमेरिकन संस्था नाण्याची प्रत ठरवून ते पारदर्शक डबीत मोहोरबंद करतात. ईबे या विक्रीस्थळाचा नियम असा, की मान्यताप्राप्त संस्थेने प्रतवारी केलेल्या नाण्यालाच प्रतीचा आकडा लावता येतो. छोटे विक्रेते कुरकुरतात, की साध्या शिवराईसाठी तिच्या किमतीहून अधिक शुल्क कोण भरील? तक्रार खरी आहे, पण नियम शिवराई विकू नका असे सांगत नाही. स्वतःच्या मालाला स्वतःच गुण देऊ नका, एवढेच सांगतो. झीज कोठे आहे, अक्षरे कितपत वाचता येतात, हे साध्या शब्दांत लिहायला कोणतेही शुल्क पडत नाही.

याहून अवघड प्रश्न मौनाचा आहे. तांब्याचे नाणे चिंचेने घासले की लखलखते आणि नवख्याला तेच अधिक चांगले वाटते. वास्तविक शतकभरात चढलेला रंग त्यासोबत निघून जातो, पृष्ठभागावर बारीक ओरखडे राहतात आणि जाणकाराच्या लेखी नाण्याचे मोल घटते. नाणे घासलेले आहे हे माहीत असून जो केवळ 'चमकदार' असे लिहितो, त्याने एकही खोटा शब्द लिहिलेला नसतो. तरीही ती फसवणूकच होय.

भारतात ऑनलाइन व्यापाराविषयीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० साली लागू झाले. वस्तू जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही. पण 'छान स्थितीतील, अतिदुर्मीळ' एवढेच लिहिले असेल, तर वस्तू तशी नाही हे सिद्ध तरी कसे करावे? शब्द जितका मोघम, तितका विक्रेता सुरक्षित. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क उकळणाऱ्यांविषयी त्या बँकेलाच ऑगस्ट २०२१ मध्ये जनतेला सावध करावे लागले. तो उघड ठकबाजीचा प्रकार. त्यापासून सावध राहणे त्यामानाने सोपे.

फुगविलेल्या प्रतीचे नुकसान लगेच दिसत नाही. खाऊचे पैसे साठवून नाणे घेणारा मुलगा ते वर्षानुवर्षे वहीत जपून ठेवतो, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. कधीतरी अडचणीपायी ते विकायला काढतो, तेव्हा भिंग डोळ्याला लावून बसलेला व्यापारी मान हलवतो. परतीची मुदत तोवर केव्हाच संपलेली असते.