दुखत नाही, तरी बोलवा

९ एप्रिल १९९३. शिकागोच्या मैदानात बो जॅक्सन कृत्रिम खुबा घेऊन बेसबॉल खेळायला उतरला आणि मिळालेल्या पहिल्याच संधीला त्याने होम रन मारला. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकन फुटबॉल खेळताना त्याचा खुबा निखळला होता. पुढे अ‍ॅव्हॅस्क्युलर नेक्रोसिस झाले आणि १९९२ मध्ये सांधा बदलावा लागला. अँडी मरेचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. जानेवारी २०१९ मध्ये रिसरफेसिंग, त्याच ऑक्टोबरात अँटवर्पचे विजेतेपद आणि पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत टेनिस. खेळाडू रुग्ण आज ही नावे घेऊनच ओपीडीत येतात. त्यांची उमेद खरी आहे, ती मोडू नये. पण खेळाडू मैदानावर परतला की बातमी संपते आणि हाडाचे काम तिथून पुढे वर्षानुवर्षे चालू राहते. त्याकडे लक्ष ठेवणारे आपल्याशिवाय कोणी नाही.

ज्युलियस वोल्फने १८९२ मध्ये मांडलेला नियम आपण पहिल्या वर्षी पाठ केला: भार पडेल तिथे हाड घडते, भार हटेल तिथे झिजते. मांडीच्या हाडात ताठ धातूचा स्टेम बसवला की वरून येणारा भार कॅल्कारला वगळून स्टेममार्गे खाली उतरतो. मग ग्रुएनच्या सातव्या झोनमधले हाड विरळ होऊ लागते, कॅल्कारची कड गोल होते आणि खाली स्टेमच्या टोकाशी कॉर्टेक्स जाड होतो. हा बदल पहिल्या दोनेक वर्षांत वेगाने होतो, नंतर मंदावतो. रुग्णाला यातले काहीही जाणवत नाही. म्हणूनच ‘दुखत नाही ना, मग एक्स-रे कशाला’ हे वाक्य मला घातक वाटते, मग ते रुग्ण म्हणो की आपण.

रिसरफेसिंगमध्ये मान शाबूत राहते, भार तिच्यातूनच जातो आणि वरचे हाड बरेच टिकते. तरुण खेळाडूसाठी त्याचे आकर्षण आहे ते यामुळेच. मात्र पहिल्या काही वर्षांत अनेकांची मान अरुंद होते. बहुतेकांत हे पुढे थांबते. थांबले नाही तर सावध व्हायचे. धातूवर धातू घासणारा सांधा असेल तर रक्तातले कोबाल्ट-क्रोमियम आणि भोवतालच्या मऊ ऊतींवरही नजर हवी.

लायनरची झीज वर्षांवर मोजणे ही आपली जुनी सवय. ती खरे तर पावलांवर मोजायला हवी. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो, धावताना त्याहून बराच जास्त. जुन्या पॉलिथिलिनच्या सूक्ष्म कणांमुळे स्टेम आणि कपाभोवतीचे हाड पोखरले जाई. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलिन आल्यावर हे प्रमाण खूप घटले, पण १९९० च्या दशकातले सांधे अजून आपल्या रुग्णांच्या अंगात आहेत.

स्नायूंकडे आपण फारच कमी पाहतो. मागच्या मार्गाने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आखूड बाह्य रोटेटर, तर बाजूच्या मार्गानंतर ग्लुटियस मीडियस वर्षानुवर्षे बारीक आणि चरबीयुक्त राहू शकतो. खेळाडू ती उणीव कंबरेने आणि दुसऱ्या पायाने भरून काढतो. त्यामुळे चाल सरळ दिसते म्हणून एका पायावर उभे करून पाहणे टाळू नका. फिजिओथेरपिस्ट मित्रांना ही विनंती खास आहे. कण्याकडेही लक्ष हवे: वय वाढते तसा तो ताठर होतो, ओटीपोटाचा कल बदलतो आणि कप जागचा न हलता त्याचा कार्यात्मक कोन बदलतो. पंधरा वर्षे उत्तम चाललेला सांधा अचानक निखळतो, तेव्हा कारण कधी कधी खुब्यात नसून कण्यात असते.

आपल्याकडे मांडी घालणे, उकिडवे बसणे हे रोजचे आहे. खो-खोच्या चौकोनात बसलेला खेळाडू खुबा किती दुमडतो, हे कुठल्या परदेशी तक्त्यात सापडणार नाही. शिवाय नेक्रोसिसमुळे आपले रुग्ण तरुण असतात, म्हणजे हा सांधा त्यांना चाळीस वर्षे वापरायचा आहे. तरीही एक्स-रे रुग्णाच्या घरी, पिशवीत. डॉक्टर बदलला, गाव बदलले की पहिली फिल्म हरवते आणि तुलनेला काहीच उरत नाही.

म्हणून माझा आग्रह असा: सहा आठवड्यांची फिल्म आपल्याकडे जपा. दोन्ही खुबे आणि स्टेमचे टोक दिसेल अशी, पाय दर वेळी तितकाच आत वळवून. पाय फिरला की ऑफसेट बदललेला दिसतो आणि तुलना फसते. पहिल्या वर्षी, पाचव्या वर्षी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा. सोबत एक ओळ लिहा: कोणता खेळ, आठवड्यातून किती तास.

आणि या आठवड्यात तुमच्या वहीतल्या अशा एका खेळाडूला फोन करा, जो बरा आहे म्हणून पाच वर्षे आलेला नाही.