गाडीचं गाऱ्हाणं: बटणाने मिटणारे आरसे बसवायचे का?

मंडळी, गेल्या दिवाळी अंकातल्या टायरच्या लेखानंतर गणपतीत, कोजागिरीला, अगदी प्रसादाच्या रांगेतही एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर आला: "आमच्या गाडीचे बाजूचे आरसे हाताने मिटावे लागतात. बटणाने मिटणारे आणून बसवता येतील का?" उत्तर आहे, बऱ्याच गाड्यांना येतात. पण पैसे टाकण्याआधी काय बघायचं, ते आज नीट सांगतो.

प्रश्न का पडतो, हे इथे इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. टेरेस घरांच्या जुन्या गल्ल्या मोटारी येण्याआधी आखलेल्या. आता दोन्ही बाजूंना गाड्या आणि मधून पार्सलची व्हॅन. सकाळी बघावं तर आरसा वायरीला लोंबकळतोय. विम्याचा एक्सेस समजा २५० पौंड आणि आरसा त्याहून स्वस्त, म्हणजे खर्च आपल्याच खिशातून. दुसरं कारण वयाचं. खांदा आखडलेल्या माणसाला पावसात गाडीला वळसा घालून डावा आरसा मिटणं जिवावर येतं. मग तो मिटलाच जात नाही. किंवा रात्री मिटला जातो आणि सकाळी उघडायचा राहतो, हे तर जास्तच वाईट.

ही सोय मूळची जपानची. तिथे १९८३ पर्यंत आरसे दारावर नाही, तर पुढे बॉनेटच्या कडेला लावत. दारावरच्या आरशांना परवानगी मिळाली आणि अरुंद गल्ल्यांत ते अडू लागले. १९८४ मध्ये निस्सानच्या लॉरेल गाडीला विजेवर मिटणारे आरसे आले. आपली अडचणही तीच, फक्त गल्ली लेस्टरची किंवा स्लाउची.

तुमची गाडी कोणत्या गटात?

पहिला गट: आरसे बटणाने मिटतात, पण गाडी लॉक केल्यावर आपोआप मिटत नाहीत. हे काम सर्वांत सोपं. त्या मॉडेलसाठी केलेलं छोटं मॉड्यूल चालकाच्या दारातल्या कनेक्टरच्या मध्ये बसतं. वायर कापावी लागत नाही आणि गाडी विकताना ते काढूनही घेता येतं.

दुसरा गट: काच बटणाने हलते, पण आरसा हाताने मिटतो. प्रश्न विचारणारे बहुतेक इथे असतात. महागड्या मॉडेलचा पूर्ण आरसा, त्याचं बटण आणि मधल्या वायरी असं सगळं लागतं.

तिसरा गट: काचही हाताने हलवावी लागते. अशा गाडीला वायर दाराच्या बिजागरीपाशी असलेल्या रबरी नळीतून नेण्यापासून सुरुवात करावी लागते. माझं मत स्पष्ट आहे: नका करू.

दुसऱ्या गटात खरी मेख दारातल्या कंट्रोल मॉड्यूलची. फोक्सवॅगन गोल्फ किंवा स्कोडा ऑक्टाव्हियाच्या अनेक पिढ्यांत पुढच्या प्रत्येक दारात एक मॉड्यूल असतं. साध्या प्रकारात मिटण्याची मोटर चालवणारा भागच नसतो. मग आरसा कितीही चांगला आणा, तो हलणार नाही. योग्य मॉड्यूल असेल, तर वायरी दारातल्या दारातच जोडायच्या आणि निदान-यंत्र लावून गाडीला "आता असे आरसे आहेत" हे शिकवायचं. हे कोडिंग तरुण मंडळी लॅपटॉपवर सहज करतात. वायरीत मात्र वडीलधाऱ्यांचा हात जास्त स्थिर, असं माझं निरीक्षण आहे. एका शनिवारी दोघांनी मिळून करण्यासारखं काम आहे.

आत काय चालतं

मिटण्याच्या मोटरला दोनच वायरी असतात. १२ व्होल्ट एका दिशेने दिले की आरसा मिटतो, उलट दिले की उघडतो. टोकाला पोचल्यावर तो अडतो, मोटर अडकते आणि करंट वाढतो. चांगलं मॉड्यूल ही वाढ ओळखून वीज तोडतं. स्वस्त किटमध्ये ही तोडणी नसली, तर मोटर अडकलेल्या अवस्थेत तापत राहते. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: टोकाला पोचल्यावर वीज कोण तोडतं? उत्तर देता आलं नाही, तर ते किट घेऊ नका.

घेण्याआधी

आपल्या दाराचं आतलं पॅनेल उघडून आरशाच्या कनेक्टरमधल्या पिना मोजा आणि फोटो काढा. काच वर-खाली आणि डावी-उजवी हलवण्याच्या वायरी, काच गरम करणाऱ्या दोन, इंडिकेटरच्या, पायाखाली उजेड पाडणाऱ्या दिव्याच्या, ब्लाइंड स्पॉटच्या इशाऱ्याच्या आणि शेवटी मिटण्याच्या दोन. नव्या आरशाचा कनेक्टर या फोटोशी ताडून बघा. आरशाखाली कॅमेरा असेल, तर बदलल्यावर तो पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो. तो खर्च आधीच धरा.

युरोपातून वापरलेला आरसा स्वस्त मिळतो, पण तो डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा असतो. काचेचा कोन आणि वक्रता चालक कुठल्या बाजूला बसतो त्यावर ठरवलेली असू शकते. "पुण्याहून येताना भाऊ घेऊन येईल" हा पर्यायही हमखास निघतो. स्टिअरिंग उजवीकडेच असलं, तरी तिथल्या बऱ्याच गाड्यांच्या आरशांत काच गरम होण्याची सोय नसते. जानेवारीच्या सकाळी ती नसणं चालणार नाही. काचेवर ई-मार्क आहे ना, तेही बघा.

रंगाची काळजी मात्र नको. बहुतेक आरशांचं रंगीत टोपण चिमट्यांवर बसलेलं असतं. आपलं जुनं काढून नव्यावर चढवता येतं.

काम करताना

नवा आरसा दारात बसवण्याआधी टेबलावर तपासा. फ्यूज लावलेल्या १२ व्होल्टच्या वायरीने दोन्ही बाजूंना दहा-बारा वेळा मिटवून उघडा. आवाज खरखरीत आला किंवा आरसा शेवटचा एक इंच अडखळला, तर लगेच परत करा.

दाराला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण वायर काढा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा. अनेक गाड्यांच्या दारात एअरबॅगचा सेन्सर असतो, त्याचा कनेक्टर चालू विजेवर काढायचा नाही. पॅनेलमागचा पडदा फाडू नका. तो पाणी अडवतो. फाटला तर महिन्याभरात पायाखालचं कार्पेट ओलं होतं आणि कारण शोधता सापडत नाही. पॅनेल उचकटायला स्क्रूड्रायव्हर नको, प्लॅस्टिकची पट्टी वापरा.

विमा आणि एमओटी

काम करण्याआधीच विमा कंपनीला कळवा आणि उत्तर लेखी घ्या. बाहेरून बसवलेली वस्तू हा गाडीतला बदल मानला जातो. प्रीमियम वाढेलच असं नाही, पण न सांगितलेल्या बदलावरून दावा अडू शकतो. एमओटीत चालकाच्या बाजूचा बाहेरचा आरसा जागेवर, घट्ट आणि नीट दिसणारा असावा लागतो. नवा आरसा डुगडुगत असेल, तर तिथे अडकाल.

वापरताना

आरसा मिटणं ही सोय आहे. तो पूर्ण उघडून दर वेळी त्याच जागी येणं ही सुरक्षितता आहे. दोन अंश कमी उघडलेला आरसा बाहेरून चांगलाच दिसतो, पण एम-पंचवीसवर लेन बदलताना शेजारची गाडी त्यात सापडत नाही. त्यामुळे पहिले दोन आठवडे निघण्याआधी दोन्ही आरशांत आपल्या गाडीची कड आणि क्षितिज नेहमीच्या जागी आहे का ते बघा. कुणी धक्का देऊन आरसा हाताने हलवला असेल, तर बटणाने दोन-तीनदा पूर्ण मिटवून उघडा. बऱ्याच गाड्यांत त्याने तो परत आपल्या खाचेत बसतो.

दंव पडणार असेल त्या रात्री आपोआप मिटणं बंद ठेवा. सांध्यात बर्फ धरला की मोटर ढकलत राहते आणि आतले प्लॅस्टिकचे दाते झिजतात. गोठलेला आरसा हाताने ओढू नका. गाडी सुरू करून तो सुटेपर्यंत थांबा.

आणखी एक. मिटलेले आरसे पाहून गाडी लॉक झाल्याचं लांबूनही कळतं, ही सोय आहेच. पण उघडे आरसे पाहून ती लॉक नाही, हे चोरालाही तेवढंच कळतं. निघताना मागे वळून बघायची सवय ठेवा.

मग बसवायचे का?

गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवणार असाल, गल्ली खरोखर अरुंद असेल किंवा घरात कुणाला हाताने आरसे मिटणं जमत नसेल, तर जरूर बसवा. गाडी पुढच्या वर्षी बदलणार असाल, तर तेच पैसे नव्या गाडीत ही सोय असलेलं मॉडेल घेण्यात घाला. आणि फक्त शेजाऱ्याच्या गाडीला आहेत म्हणून हवे असतील, तर थोडं थांबा. हाताने मिटलेला आरसाही व्हॅनपासून तेवढाच वाचतो.

तुमच्या गाडीचं मॉडेल, साल आणि कनेक्टरचा फोटो घेऊन पाडवा पहाटेला या. फराळाच्या टेबलाशेजारी बसून पिना मोजू. दिवाळीच्या शुभेच्छा, आणि गाडी सांभाळून चालवा.