रतीब, कागद आणि उकळी

परवा अमेरिकेहून आलेली नात सकाळी खळ्यात उभी होती. रतिबाची काकी आली, मापाने दूध ओतून गेली. "आजोबा, हे असं चालतं इथे?" नातीचा प्रश्न. तिच्या देशात १९८७ पासून पिण्याचं कच्चं दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला बंदी आहे म्हणे. मी हसून म्हटलं, "अगं, आपण उकळतो ना!"

हसलो खरा, पण मग विचार करत बसलो. तरुणपणी नोकरीच्या गावी मी कौतुकाने धारोष्ण दूध प्यायचो. अंगी लागतं म्हणत. अंगी लागला तो ताप! येई, जाई, सांधे धरले. दोन महिन्यांनी निदान झालं, ब्रुसेलोसिस. ज्या रोगाने गाय गाभडते, तोच.

जंतू उकळीने मरतात, पण सगळंच उकळीने जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. ३६८ मध्ये बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून उतरणारं अफ्लाटॉक्सिन मर्यादेबाहेर होतं, ७७ मध्ये प्रतिजैविकं. आणि गंमत बघा, अफ्लाटॉक्सिन कच्च्यापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त आढळलं! म्हणजे रतीब बंद करून पिशवी घेतली की सुटलो, असंही नाही.

म्हणून माझं मत असं, की रतीब बंद करू नका, गोठ्याकडे बघा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरोघर दूध घालणाऱ्याने नोंदणी करायची असते. सगळं दूध सहकारी संस्थेला घालणाऱ्या सभासदाला सूट आहे. २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलोसिसची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. मग ग्रामपंचायतीत एकाच दिवशी दोन्ही का करू नये? गुरांचे डॉक्टर गाय तपासतील, पेंड कोरडी कशी ठेवावी, औषध दिल्यावर किती दिवस दूध विकू नये ते सांगतील. शेजारच्या टेबलावर नोंदणी. दोन गायींच्या बाईला दंडाची भीती घालून काय मिळणार?

काकीला विचारलं. ती म्हणाली, "गुरुजी, कागद करूक मी तयार आसंय, पण खंय जावचा ता सांगा."

या प्रश्नाचं उत्तर बंदीत नाही, मंडळी. तुमच्या गावी काय पद्धत आहे? जरूर कळवा. आणि हो, तोपर्यंत दूध उकळूनच प्या!