आधी अर्थ बघा, मग कंप्युटर बदला



बंदी चालू आहे. बोटी वर ओढल्यात, कुणी जाळी भरतंय, कुणी इंजिन खोलून बसलंय. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत आपण बोटीचा खिळान्‌खिळा बघतो. पण मासळी घेऊन जाणारी गाडी मात्र शेडच्या मागे उभी असते आणि तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. म्हणून आज गाडीबद्दल लिहितोय.

"गाडी आमची नाय, व्यापाऱ्याची" असं म्हणणारे नाखवा आहेत. त्यांनी एवढंच आठवावं, वाटेत बंद पडलेल्या गाडीतला माल पडत्या भावाने गेला की पुढच्या खेपेला दर कुणाचा कापला जातो.

गेल्या हंगामातली गोष्ट. देवगडहून संस्थेची गाडी निघाली, बांगडा भरपूर आणि वर थोडी सुरमई. फोंडा घाट, राधानगरी, मुदाळतिट्टा करत पहाटे निपाणीला आली. बेळगावचा बाजार गाठायचा होता. निपाणी सोडून तवंदी घाटाच्या चढाला लागली आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद. आरपीएमचा काटा शून्यावर. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर गाडी चालू! पुन्हा दोन वळणं गेली, पुन्हा बंद. शेवटी टोचन करून हायवेवरच्या एका गॅरेजला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, ११ कोड आले. रेल प्रेशर, क्रँक सेन्सर, ॲक्सिलरेटर, सगळंच बिघडलेलं. निदान पाच मिनिटांत झालं, "ईसीएम गेला. ८५ हजार." बर्फ वितळत होता, ड्रायव्हर फोनवर फोन करत होता. आम्ही होय म्हटलं.

एमएच ०७ ची पाटी आणि खालून गळणारं पाणी बघितलं की समोरच्याला कळतं, या गिऱ्हाइकाला थांबायला वेळ नाही. मासळीच्या गाडीला घासाघीस करता येत नाही.

नववा दिवस. तीच गाडी, तोच प्रकार, या वेळी फोंडा घाटात. आता मात्र माल कमी होता, तो दुसऱ्या गाडीत घातला आणि गाडी निपाणीतल्या एका जुन्या वायरमनकडे नेली. त्यांनी स्कॅनरला हातच लावला नाही. आधी विचारलं, "अर्थ बघितलासा काय?" कुणीच बघितला नव्हता. ते केबिनखाली शिरले. चेसीवर जिथे कंप्युटरची अर्थ वायर बोल्टने आवळलेली असते, नेमकी तिथेच आपल्या बॉडीतलं बर्फाचं पाणी ठिबकत होतं. लग हिरवी पडलेली, आत चार-दोन तारा शिल्लक. नवी लग, चेसीचा रंग खरवडून चकचकीत पत्रा, वरून ग्रीस. बिल काहीशे रुपये. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत गाडी एकदाही तशी बंद पडली नाही. आणि जुना कंप्युटर, जो बहुतेक चांगलाच होता, तो आम्ही पहिल्या गॅरेजमध्ये सोडून आलो होतो.

मग नवा कंप्युटर बसवल्यावर गाडी नऊ दिवस चालली कशी, असं सगळ्यांनी विचारलं. बदलताना बॅटरी काढतात, कपलर ओढून पुन्हा बसवतात, बोल्ट ढिले करून आवळतात. त्यात गंज थोडा खरवडला जातो आणि जोड काही दिवस धरतो. गाडी चालते, सगळे म्हणतात कंप्युटरच गेला होता. आमच्या मते याच कारणाने कितीतरी चांगले ईसीएम भंगारात जात असणार.

ईसीएम म्हणजे करतो काय, तेही थोडं बघू. आपल्या जुन्या ट्रॉलरच्या इंजिनाला मेकॅनिकल पंप असतो, डिझेल कधी आणि किती मारायचं ते लोखंडच ठरवतं. कॉमन रेलच्या गाडीत ते काम कंप्युटर करतो. क्रँक सेन्सर सांगतो इंजिन कुठे फिरलंय, पेडल सांगतं ड्रायव्हरला किती पिकअप पाहिजे, त्यावरून तो एकेक इंजेक्टर उघडतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं, तेव्हापासून सायलेन्सरमधली धूर साफ करायची यंत्रणाही त्याच्याच हातात आहे. आता या कंप्युटरला पुरती वीज मिळाली नाही किंवा त्याचा अर्थ तुटत असेल, तर तो सगळ्याच सेन्सरांबद्दल चुकीचं बोलायला लागतो. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले दहा-अकरा कोड एकदम आले, तर दहा वस्तू एकदम बिघडल्या असं धरू नका. त्या सगळ्यांना सामाईक असलेली वायर आधी शोधा.

त्यासाठी मल्टीमीटर पुरतो. २४ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना बॅटरीवर साधारण २५ व्होल्ट आणि चालू असताना २७-२८ दिसले पाहिजेत. मग फ्यूज आणि मेन रिले. मग अर्थ, आणि इथे बहुतेक जण फसतात. ते मीटर ओहमवर लावतात, शून्य दिसतं, म्हणतात वायर चांगली आहे. पण एक तार शिल्लक असली तरी मीटर शून्यच दाखवणार, कारण मीटर त्या तारेतून करंट जवळजवळ घेतच नाही. खरी परीक्षा वजन पडल्यावर. मीटर व्होल्टवर ठेवायचं, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं कंप्युटरच्या अर्थ पिनला, आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या आत राहिलं तर ठीक. आमच्या गाडीत तीनवर गेलं होतं.

त्यानंतर सेन्सरांना जाणारे ५ व्होल्ट बघायचे. ते नसतील तरी कंप्युटरला दोष देऊ नका. एखादा सेन्सर किंवा घासलेली वायर आतल्या आत शॉर्ट झाली की त्या लाइनवरचे सगळेच सेन्सर मरतात. एकेक कपलर काढत जायचं, ज्याचं काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात तिथे रोग. आणि स्कॅनर कंप्युटरशी बोलतच नसेल, तर बॅटरी काढून कॅन लाइनच्या दोन तारांमध्ये ओहम मोजायचे. ६० च्या आसपास आले तर ती लाइन बहुधा धड आहे, १२० आले तर कुठेतरी तुटली आहे.

हे सगळं बरोबर निघालं आणि तरीही कंप्युटर एखाद्या इंजेक्टरला वीजच सोडत नसेल, किंवा उघडल्यावर आत पाणी दिसलं, तर तो खरंच गेलाय. तसंही होतं. आमच्याच एका सभासदाच्या गाडीचा गेला. पाणी वरून शिरलं नव्हतं, ते खालच्या एका सेन्सरच्या कपलरमधून वायरच्या आत शिरलं आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं कव्हरच्या आतून वर चढत कंप्युटरपर्यंत पोचलं. बाहेरून वायर कोरडी ठणठणीत!

खरंच बदलायची वेळ आली तर पार्ट नंबर हुबेहूब तोच पाहिजे. नुसता डबा बसवून भागत नाही. गाडीचा चेसी नंबर, चावीचं इमोबिलायझर, आणि प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला कोड नव्यात भरावा लागतो. इंजेक्टरचे कोड भरले नाहीत तर गाडी चालू होईल, पण खडखडेल, धूर टाकेल, डिझेल जास्त खाईल. भंगारातून आणलेला दुसऱ्या मॉडेलचा कंप्युटर "चालतोय की ओ" म्हणून कुणी बसवून देत असेल तर घेऊ नका. आणि जुना कंप्युटर हातचा सोडू नका. निदान पंधरा दिवस तो आपल्याकडे राहू द्या. बदललेला डबा त्याच जागी, त्याच गळणाऱ्या पाण्याखाली बसवला तर तोही जाणार, हे तर सांगायलाच नको.

आता थोडं आपल्याबद्दल. गॅरेजवाल्याला शिव्या घालून आम्ही मोकळे झालो होतो, पण बर्फाचं पाणी कुणाचं? बोटीवर वायरलेस, जीपीएस, फिशफाइंडरच्या कपलरला आपण ग्रीस लावतो, टेप गुंडाळतो, खारं पाणी वायरला खातं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तीच माणसं बंदरावर गाडी धुताना प्रेशरचा पाइप केबिनखाली सरळ कपलरवर धरतात. बॉडीला भेग पडली की वेल्डर बोलावतात, आणि बॅटरी किंवा कंप्युटरचं कपलर न काढताच वेल्डिंग होतं. वेल्डिंगचा करंट चेसीतून वाट शोधतो, त्यात कंप्युटर भाजतो. शिवाय हे पाणी घाटातल्या वळणांवर सांडतं आणि मागून येणारा मोटरसायकलवाला घसरतो, त्याबद्दल ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच. खाली पाणी जमा करायची टाकी बसवा असं आम्ही सभेत दोनदा बोललो. दोन्ही वेळा "पुढच्या हंगामात" झालं.

काही सभासदांचं म्हणणं, या भानगडी नकोत, कंपनीच्या वर्कशॉपलाच गाडी न्यावी. वॉरंटीत असेल तर जरूर न्या. पण रात्री तीन वाजता मुदाळतिट्ट्याला कंपनी कुठून आणणार? बाहेरच्या मिस्त्रीकडे धड स्कॅनर आणि माहिती नसते, ही अडचण खरी आहे, आणि ती आपोआप आलेली नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, कारण त्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या. त्या कारवाल्या कंपन्या होत्या आणि प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण दुखणं ट्रकवाल्यांच्याही ओळखीचं आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही धरली आहेत. त्याने निपाणीच्या वायरमनच्या हातात उद्या स्कॅनर येईल असं आम्ही म्हणत नाही.

म्हणून आमचं मत असं, की संस्थेने स्वतःचा एक चांगला स्कॅनर आणि दोन मल्टीमीटर घ्यावेत. आपल्यातलाच आयटीआय झालेला एखादा पोरगा त्यावर तयार करावा. आणि संस्थेच्या पैशातून कंप्युटर बदलायचा असेल तर बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ मारताना अर्थवरचा फरक, ५ व्होल्ट आणि कॅनचे ओहम हे चार आकडे कागदावर लिहून, फोटो काढून ग्रुपवर टाकल्याशिवाय होकार देऊ नये. मोजायला अर्धा-पाऊण तास जाईल. बर्फ तेवढा टिकतो. आकडे द्यायला गॅरेजवाला तयार नसेल तर माल दुसऱ्या गाडीत घालावा आणि गाडी पुढे न्यावी. खर्च होईल, पण ८५ हजार नाही होणार.

गाडी सध्या शेडमागे आहे. येत्या रविवारी सकाळी तिच्या सगळ्या अर्थ खोलून साफ करायच्या आहेत आणि पाण्याच्या टाकीचं माप घ्यायचं आहे. ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत त्यांनीही घेऊन या. पॉलिश पेपर आणि ग्रीस आम्ही आणतो, मल्टीमीटर असेल तर बरोबर आणा. वेल्डरला दुपारी तीननंतर बोलावलंय, तोपर्यंत बॅटऱ्या उतरवून होतील.