वकील नको, पण वाट तरी दाखवा

स्वतःचा खटला स्वतः लढवायचा म्हटले की टिळकांचे नाव निघतेच. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्या. दावर आणि ज्यूरीपुढे त्यांनी वकील न देता स्वतःची बाजू मांडली, एकवीस तासांहून अधिक वेळ बोलले, आणि सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरून सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. दाखला देणारे एक गोष्ट सोयीने गाळतात. टिळक एलएल.बी. होते, पुण्यात कायद्याचा वर्गही चालवत. त्यांना कायदा कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आज तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात बांधाच्या दाव्यासाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा घेऊन उभा राहणारा माणूस टिळक नव्हे. त्याचा पहिल्या वकिलाशी बेबनाव झालेला असतो, नाहीतर दुसऱ्याची फी झेपत नसते. हौसेने असा उभा राहणारा क्वचितच.

कायदा त्याला अडवत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ प्रमाणे पक्षकार जातीने हजर राहून आपले काम चालवू शकतो. अडवतात त्या इतर गोष्टी. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत, कोर्टाने मुदत वाढवली तर नव्वद दिवसांपर्यंत, कैफियत द्यायची असते. ती गेली नाही की दावा विनाकैफियत चालवण्याचा आदेश होतो. हे त्याला कळते ते आदेश झाल्यावर. पुकारा होतो, साहेब विचारतात, ‘नि. ५ वर म्हणणे दिले का?’ आता, तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला बहुधा पाचच निशाणी पडते हे कोर्टात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. या गृहस्थांना वाटते, पाच कागद मागताहेत. ते पिशवी उघडतात. तारीख पडते.

उलटतपासाला तर आणखीच पंचाईत. साक्षीदार म्हणजे सख्खा चुलतभाऊ. त्याला प्रश्न विचारण्याऐवजी हे त्याच्याशी भांडायलाच लागतात: ‘अरे, आईच्या तेराव्याला तूच म्हणाला होतास ना?’ न्यायाधीश सांगतात, प्रश्न विचारा, भाषण नको. पाचव्यांदा सांगताना त्यांचा आवाज चढतो. न्यायाधीशांचीही बाजू आहे. बोर्डावर ढीगभर कामे असतात, आणि एका पक्षाला शिकवत बसले तर दुसऱ्या बाजूचा वकील पक्षपात झाला म्हणायला मोकळा. स्वतः बाजू मांडणाऱ्यांत काहीजण न्यायाधीशांवर, कारकुनांवर, साऱ्या व्यवस्थेवर आरोप करत सुटतात हेही खरेच. न्यायाधीशांचा त्रास खोटा नाही.

या त्रासावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये नियम केले. स्वतः बाजू मांडू इच्छिणाऱ्या पक्षकाराला आधी निबंधक कार्यालयातल्या दोन अधिकाऱ्यांच्या समितीपुढे जावे लागते. तो न्यायालयाला नीट साहाय्य करू शकेल का, हे समिती पाहते. शिस्त पाळण्याची हमीही घेते. हेतू समजतो. पण परीक्षा घ्यायची आणि अभ्यासक्रम मात्र कुठेच सांगायचा नाही, ही कुठली रीत? त्यात खाली कामकाज मराठीत आणि उच्च न्यायालयाचे इंग्रजीत. मराठीत आपली बाजू चोख मांडणारा माणूस अपिलात वर गेला की एका रात्रीत अडाणी ठरतो.

वकिलाशिवाय चालावीत म्हणून ज्या न्यायालयांची रचना केली, तिथे काय झाले पाहा. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार तिथे वकील देणे हा हक्क नाही. न्यायालयाच्या परवानगीने वकील येतात, आणि सर्रास येतात. ग्राहक न्यायालयातही तक्रारदार स्वतः बोलू शकतो. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्या चळवळीला हेच हवे होते. पण समोरची कंपनी वकील घेऊन येते, आणि मग तक्रारदारालाही तो शोधावा लागतो. तिथे वकील नसलेला प्रतिनिधी चालेल की नाही, हा मुंबईतून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०११ मध्ये ‘चालेल’ असा निकाल लागला. ग्राहक संघटनांचे कार्यकर्ते आज तिथे उभे राहू शकतात. हा मोठा दिलासा. दिवाणी न्यायालयात तो नाही.

विधी सेवा प्राधिकरण आहे ना, असे कुणी म्हणेल. आहे, आणि १९८७ च्या त्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना, कोठडीतल्यांना मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. हे कितीजणींना माहीत आहे हा वेगळा विषय. बाकीच्यांना मात्र मिळकतीची मर्यादा. त्या मर्यादेच्या जरा वर असलेला निवृत्त कंडक्टर किंवा लहान दुकानदार कुठेच बसत नाही. शिवाय प्राधिकरण वकील देते. स्वतः लढू पाहणाऱ्याला कोर्टाची रीत समजावून देण्याची सोय आपल्याकडे कुणी मनावर घेतलेली नाही.

इंग्लंडमध्ये १९७० पासून ‘मॅकेन्झी फ्रेंड’ची सोय आहे. पक्षकाराशेजारी एक माहीतगार बसतो, टिपणे काढतो, कागद पुढे करतो, हळूच सुचवतो. युक्तिवाद मात्र पक्षकारानेच करायचा. आपल्या अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३२ तर याहून पुढे जाते: वकील नसलेल्यालाही एखाद्या प्रकरणात उभे राहण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते. मग शेजारी नुसते बसू द्यायला काय हरकत आहे? तेवढेही जमत नसेल तर निदान समन्सच्या पाठीवर मराठीत छापा: कैफियत किती दिवसांत, किती प्रतींत द्यायची, म्हणणे म्हणजे काय, नक्कल कुठल्या खिडकीवर मिळते, रोजनामा कुठे पाहायचा. नाझरच्या शेजारी एक टेबल टाका आणि हे तोंडी सांगायला एखाद्या निवृत्त शिरस्तेदाराला बसवा. बाररूममधून थोडी कुरकुर होईल.